विडा लावायला लागतो तेवढा वेळ

महाराष्ट्रातले आमचे नातेवाईक छत्र्या माळ्यावर टाकतात, तेव्हा आमच्या तंजावुरात त्या खाली निघतात. आमचा पाऊस दिवाळीच्या तोंडावर येतो, पूर्वेकडून, समुद्रावरून, आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत भर दुपारी असा काळोख करतो की समोरच्या दारातला सकाळचा कोलम, पिठाची रांगोळी, दिसेनासा होतो. आजही तसंच झालं. अत्या ओरडली, "अगे, कपडे! कपडे!" मी गच्चीवर पळाले, कपडे ओढले आणि मधेच उभी राहिले. दक्षिणेला, ओरत्तनाडूच्या बाजूला, आभाळ शाईसारखं झालं होतं. तीन वर्षं झाली, तरी ऐप्पसी महिन्यातलं, म्हणजे आश्विन-कार्तिकातलं, ते आभाळ दिसलं की माझा डोळा आधी मनगटावरच्या घड्याळाकडे जातो.

मी मुळात घाईची बाई. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि मुलं माझ्या मागे मला 'एक्स्प्रेस' म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. प्रश्न विचारल्यावर तीन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर मीच ते फळ्यावर लिहून मोकळी होते. अप्पा, माझे वडील, नेमके उलटे. ते कालव्यांच्या खात्यात इंजिनियर होते. जेवायला बसले की डांगर पच्चडीचा एकेक घास असा खायचे की जणू उद्या त्यावर परीक्षा आहे. अत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण; ती आमच्याकडेच असते. हे मी बाळबोध अक्षरांत लिहिते आहे ते अप्पांनी हट्टानं शिकवली म्हणून. अत्याला ती वाचता येत नाहीत, त्यामुळे तिला सगळं मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार, आणि ती चुका काढणार. काढू दे.

ओरत्तनाडूच्या अलीकडे मोठ्या कालव्याला एक दार आहे. पावसात कालवा चढला की ते उघडून जादा पाणी शेजारच्या ओढ्यात सोडायचं, उतरला की मिटायचं. कमी उघडलं तर कालव्याचा बांध फुटतो. जास्त उघडलं तर ओढ्याकाठची भाताची कोवळी रोपं पाण्याखाली जातात. अशी दारं सांभाळणाऱ्या माणसाला इथे लस्कर म्हणतात. सैन्याशी त्याचा काही संबंध नाही, चाकाशी आहे. दाराचं ते लोखंडी चाक मुरुगेसन अण्णांच्या वडलांनी जन्मभर फिरवलं, आणि मग अण्णांनी. त्यांचं वावर त्याच ओढ्याकाठी.

मी शाळेत असताना अप्पांनी त्या दाराला मोटर लावली आणि एक पेटी बसवली. पेटीत छोटासा प्रोसेसर आणि त्यात अप्पांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम. पाण्यावर तरंगणारा गोळा पातळी सांगायचा, प्रोग्राम ठरवायचा, मोटर दार हलवायची. पंचवीसहून जास्त पावसाळे ती पेटी चालली. मुरुगेसन अण्णा तिला रोज फडक्यानं पुसायचे आणि आयुधपूजेला चंदन-कुंकू लावायचे.

मग ती अडखळायला लागली. तो प्रोसेसर आता कुठे बनतच नाही. अप्पांनी ज्या वहीत प्रोग्राम लिहिला होता ती वाळवीनं खाल्ली. आणि अप्पांना विचारावं, तर आदल्याच वर्षी त्यांना पक्षाघात झालेला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरलं काय, तर चिपमधले आकडे. माणूस प्रोग्राम लिहितो तेव्हा त्यात नावं असतात, समासात टिपा असतात, हे असं का केलं ते असतं. यंत्रासाठी तो कंपाइल झाला की ते सगळं गळतं आणि नुसते हुकूम उरतात: हे उचल, ते ठेव, इतकं मोज, तिकडे जा.

माझं संशोधन नेमकं ह्याच गोष्टीचं. असे उरलेले आकडे घ्यायचे आणि त्यांच्यावरून थेट सर्किट बनवायचं. अत्याला मी असं समजावलं होतं: प्रोसेसर म्हणजे एकटा आचारी. हातात कागद, एकेक ओळ वाचणार आणि करणार. सर्किट म्हणजे लग्नघराची मागची पडवी. चिरणारी चिरतेच आहे, नारळ खवणारी खवतेच आहे, कागद वाचायला कुणाला सवडच नाही, सगळं एकदम. मी लिहिलेलं सॉफ्टवेअर त्या कागदावरून अशी पडवी उभी करतं. आणि तसं करताना कागदावरची फुकटची कामं खोडतं. एखादी ओळ काहीतरी करते, पण त्याचा पुढे कुणालाच उपयोग नाही, तर ठेवायची कशाला?

अप्पांच्या प्रोग्रामात असं फुकटचं काम ढीगभर निघालं. सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे नुसतं मोजणं. दार हललं की एका मोठ्या आकड्यापासून शून्यापर्यंत उलटं मोजायचं, पुन्हा मोजायचं, पुन्हा मोजायचं, आणि शेवटी त्या मोजण्याचं काहीही करायचं नाही. जुन्या प्रोसेसरला त्यात एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद लागत. माझ्या सॉफ्टवेअरनं तो तुकडा निरुपयोगी ठरवून उडवला, आणि नवं सर्किट डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर द्यायला लागलं. मी हवेतच!

त्या दुपारी जेवताना मी बोलून गेले, "अत्या, तुझ्या भावाचा प्रोग्राम बघितला. निम्मा वेळ नुसता बसून होता गे! एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद, काम शून्य. टाकला काढून." अत्या हसली. मीही हसले. अप्पा खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डावा हात जरासा उचलला. "काय, ताक होनं?" असं म्हणून मी ताक आणायला उठलेसुद्धा. परत आले तेव्हा हात खाली होता. ताक त्यांनी घेतलं नाही.

डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ह्यांना समजतं सगळं, फक्त उत्तराला वेळ लागेल, तो द्या. आम्ही माना डोलावल्या. पण घर म्हटल्यावर कोण थांबतं? "अप्पा, कॉफी?" की कॉफीचा पेला-डवरा पुढे. "अप्पा, खिडकी लावू?" की खिडकी लावलेली. हळूहळू आम्ही ठरवूनच टाकलं की ते उत्तर देत नाहीत. आम्ही म्हणजे मी. अत्या अधूनमधून त्यांच्या पायाशी नुसती बसून असायची, आणि मला वाटायचं, हिला काम टाळायचं आहे.

दारावर बसवण्याआधी कॉलेजच्या टेबलावर मी दोन्ही पेट्या शेजारी ठेवून तपासल्या. पाण्याच्या जागी एक बटण. बटण फिरवायचं, म्हणजे पातळी चढली. मग दोघींची उत्तरं ताडून बघायची. जुनी पेटी दर उत्तरानंतर मख्खासारखी बसून राहायची, आणि मी घड्याळ बघून करवादायचे. पण एकही उत्तर वेगळं आलं नाही. खात्याच्या इंजिनियर बाईंनीही बघितलं आणि हो म्हटलं. उत्तर काय येतं ते मी शंभरदा तपासलं. ते कधी येतं हे तपासायचं डोक्यातच आलं नाही. लवकर येतंय म्हणजे चांगलंच असणार, एवढीच माझी अक्कल.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, सोमवार होता. मुरुगेसन अण्णा तमिळच बोलतात, मी इथे मराठीत सांगते. नवी पेटी बसल्यावर ते म्हणाले, "अम्मा, जुनी आठवडाभर शेजारी राहू दे."

"कशाला अण्णा? तिचं काम संपलं," मी म्हटलं, आणि आठवण म्हणून तिच्यातली चिप काढायला घेतली. ती पातं घालून हळूच सैल करायची असते. मी बोटांनीच ओढली. तिचे चार धातूचे पाय मोडून खाचेत राहिले. मला काही वाटलंही नाही. कोणाला लागणार होती आता?

दोनच्या सुमाराला पावसानं धरलं. कालवा चढला, गोळा वर आला, माझ्या सर्किटनं हुकूम दिला आणि दार उचललं. मी टाळी वाजवली हो, टाळी! तेवढ्यात दार उघडल्यामुळे कालव्याचं पाणी हिंदकळलं आणि लाट उठली. गोळा खाली गेला. सर्किटला वाटलं, पाणी उतरलं, दार खाली. लाट परत आली, गोळा वर, दार वर. खाली. वर. मोटर किंचाळायला लागली, साखळी थाडथाड आपटायला लागली, दर खेपेला दार आधीपेक्षा जास्त उघडत होतं आणि ओढ्याकडे तांबडं पाणी धो धो सुटलं होतं. मुरुगेसन अण्णांनी मोटरचा खटका पाडला आणि चाकाला अक्षरशः लोंबकळले. साठी उलटलेला माणूस. मग मीही धावले. दोघांनी मिळून एकेक फेरा करत दार खाली आणलं. माझे दोन्ही तळहात सोलून निघाले.

दार मिटलं तेव्हा ओढ्याकाठची तीन वावरं पाण्याखाली होती. पहिलं मुरुगेसन अण्णांचं. नुकती लावलेली रोपं, त्यांची टोकंसुद्धा दिसत नव्हती.

मला वाटलं, आता हे मला शिव्या घालणार. त्यांनी डोक्याचा पंचा सोडून पिळला आणि म्हणाले, "दोन-तीन दिवसांत पाणी उतरलं तर डोकं वर काढतील. पुन्हा एकदा असं झालं तर संपलं." मग माझ्या पेटीकडे बघून म्हणाले, "हिला दम धरवत नाही, अम्मा."

समुद्रात कमी दाबाचा नवा पट्टा तयार होतोय, शुक्रवारी जोरात कोसळणार, असं त्याच संध्याकाळी बातम्यांत सांगितलं. म्हणजे मधे तीन दिवस. जुनी पेटी मी स्वतःच्या हातानं मारली होती. नवी वेडी झाली होती. तोवर मुरुगेसन अण्णा चाकाशी बसून राहणार, पावसापाण्यात, आणि शुक्रवारी ते एकटे पुरे पडणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. मी खिडकीशी संगणक मांडून सर्किटची एकेक तार तपासत होते. चूकच सापडेना! बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, प्रत्येक निर्णय अप्पांच्या प्रोग्रामाबरहुकूम. सोललेल्या तळहातांना मलम लावून टाइप करत होते, अत्यावर खेकसत होते. बुधवारी दुपारी ती म्हणाली, "अगे, भावाला काहीतरी सांगायचं अहे वाटतं. हात करताहेत."

"आत्ता नको अप्पा," मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हटलं. हे वाक्य आजही मला जेवताना आठवतं आणि घास फिरतो.

गुरुवारी सकाळी डोकं चालेनासं झालं तेव्हा दाराकडे गेले. पाऊस भुरभुरत होता. कालवा हळूहळू चढत होता. मुरुगेसन अण्णांनी पातळीची पट्टी बघितली, चाकाचे चार फेरे दिले, दार जरा उचललं. पाणी हिंदकळायला लागलं. आणि ते चक्क कट्ट्यावर जाऊन बसले. कमरेची चंची सोडली.

"अण्णा, पट्टी बघा ना!"

"थांबा अम्मा. आत्ता पाणी खोटं बोलतंय."

त्यांनी एक पान काढलं, मांडीवर दोन्ही बाजूंनी पुसलं. देठ खुडला. शिरा काढल्या, एक, दोन. बोटावर चुना घेऊन पानाच्या मधोमध फिरवला. सुपारी ठेवली, घडी घातली, पुन्हा घडी घातली, तोंडात टाकलं. मग उठले, कट्ट्यावरून वाकून पट्टी बघितली. लाट बसली होती. पाणी काचेसारखं स्थिर. "आता दोन फेरे," ते म्हणाले.

मी जवळ गेले. "अण्णा, हे नेहमी असंच?"

"माझ्या बापानं असंच शिकवलं. चार फेरे, एक विडा, मग पट्टी. रावजींना विचारा की!" रावजी म्हणजे अप्पा, इकडे आम्हा मराठी माणसांना तसंच म्हणतात. "पेटी करायच्या आधी सबंध एक पावसाळा इथे ह्या कट्ट्यावर बसले होते, हातात घड्याळ. मी विडा लावायला घेतला की ह्यांचं घड्याळाकडे बघणं सुरू. मला वाटलं, ह्यांना पण पाहिजे असेल. दिला, तर म्हणाले, तू खा, मी मोजतोय. रोज म्हणायचे, आणखी एक लाव. माझे दात रंगले ते तुमच्या वडलांपायी!"

"अण्णा," मी म्हटलं, "आणखी एक लावा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसरं पान काढलं. मी घड्याळ धरलं. पुसणं, देठ, शिरा, चुना, सुपारी, घडी. एक मिनिट पन्नास.

मी तिथेच ओल्या कट्ट्यावर बसले आणि रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि वेळ अजून गेली नव्हती म्हणूनही. तो नुसता बसून राहिलेला प्रोग्राम, ते फुकटचं मोजणं! अप्पांनी एका माणसाचा विडा, त्याच्या बापाचा विडा, आकड्यांत घालून ठेवला होता. का ठेवला ते कंपाइल होताना गळलं, आणि राहिलेलं मी गाळलं.

घरी येऊन कामाला लागले. सर्किटची एक गंमत आहे. प्रोसेसरला नुसतं मोजायला सांगितलं की वेळ आपोआप जातो. बिचारा एकटा आचारी, त्याला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतोच. सर्किटमध्ये तसा वेळ जात नाही. तिथे थांबणं वेगळं बांधावं लागतं, ठोके मोजणारा एक भाग करून आणि बाकी सगळ्यांना त्याच्या परवानगीची वाट बघायला लावून. मी तो बांधला. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद, अप्पांचेच, एकही कमीजास्त न करता. ह्या खेपेला टेबलावर बटण ठेवलं नाही. अत्याचं कपडे भिजवायचं घंगाळ आणलं, पाणी भरलं, त्यात गोळा सोडला आणि हातानं लाटा केल्या.

शुक्रवारी अकरा वाजता पेटी दारावर बसली आणि साडेअकराला आभाळ फाटलं. मुरुगेसन अण्णा खटक्यावर हात ठेवून उभे. त्यांच्या वावरातलं पाणी आदल्या दिवशी उतरलं होतं, रोपांनी नुकती टोकं वर काढली होती. आता पावसात तीही दिसत नव्हती. कालवा चढला. गोळा वर आला. मोटर फिरली, दार थोडं उचललं आणि थांबलं. पाणी हिंदकळलं. गोळा वर-खाली, वर-खाली. साखळी हलली नाही. माझी नजर घड्याळावर, आणि अण्णांनी खटक्यावरचा हात काढून सावकाश चंची सोडली. कोसळत्या पावसात, पंच्याच्या आडोशाला, पान पुसलं. चुना. सुपारी. घडी. त्यांनी विडा तोंडात टाकला आणि मोटर सुरू झाली.

"रावजी आले," ते तोंडात विडा धरून म्हणाले.

संध्याकाळपर्यंत दार असंच चाललं. बांध टिकला, ओढा काठाच्या आत राहिला, आणि मुरुगेसन अण्णांच्या रोपांत त्या वर्षी दाणा भरला. त्या तांदळाचा एक डबा आमच्याकडे आला. ती पेटी अजून चालते आहे. आज गच्चीवरून ते आभाळ बघताना मनात मी तिच्याबरोबरच मोजत होते.

अप्पा गेल्या फाल्गुनात गेले. त्यांची खाट आता अत्या वापरते. मधल्या जवळजवळ अडीच वर्षांत ते आमच्याशी पुष्कळ बोलले, मानेनं, डोळ्यांनी, डाव्या हातानं. कॉफीत साखर जास्त होते हे त्यांना वर्षभर सांगायचं होतं, ते सांगून झालं. खिडकी त्यांना उघडीच हवी असायची. हे सगळं कळलं, पण ते त्या शनिवारनंतर.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. "अप्पा," मी म्हटलं, "ते मोजणं मी परत घातलं. मुरुगेसन अण्णांच्या विड्याला तुम्ही घड्याळ लावलं होतंत, मला कळलं. मी जेवताना तुमच्यासमोर हसले. चुकलं माझं."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीच नाही. आत कुकरनं शिट्टी दिली. कॉलेजची वेळ होत आली होती, माझे पाय आपोआप खाली टेकले. 'कॉफी आणू?' हे ओठांवर आलेलं मी गिळलं आणि पाय परत वर घेतले. घड्याळ काढून उशाशी पालथं ठेवलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या. दारात अत्या येऊन उभी राहिली.

मग त्यांचा डावा हात चादरीवरून सरकत सरकत आला. माझा सोललेला तळहात त्यांनी उलटा करून घेतला. अंगठ्यानं तो एकदा पुसला, जपून, पान पुसावं तसा. बोटाचं टोक चुना लावल्यासारखं मधोमध फिरवलं, आणि माझी बोटं एकेक करून मिटली.